दगडामातीचें दप्तर

पुणेकरांस आपल्या गांवाच्या जुनेपणाचा अभिमान आहे, आणि तो असावा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या आठव्या शतकांतील ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख सांपडला तेव्हां आमच्या विद्वानांस झालेला आनंद खरा होता. पाताळेश्वराच्या लेण्यापाशीं पाहुण्यास नेऊन "हें बाराशें वर्षांचें आहे" असें सांगतांना आमची छाती अजूनहि थोडी पुढें येते. कसब्याचा गणपति, लाल महाल, शनिवारवाडा, पेशवे दप्तर हा सारा क्रम आम्हांस मुखोद्गत आहे. परंतु ज्या कातळांत पाताळेश्वर कोरला तो कातळ कोठून आला, आणि ज्या नदीच्या कांठीं कसबा वसला त्या नदीच्या दरडींत काय दडलें आहे, असें त्याच पाहुण्यानें विचारलें तर आम्ही "दगड आहे, दुसरें काय" असें म्हणून घराकडे वळतों, कारण जेवणाची वेळ झालेली असते.

ही उदासीनता केवळ अज्ञानाची असती तर तिजविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. भूशास्त्र न येणें हा कांहीं गुन्हा नव्हे. सर्वांनींच हातोडी घेऊन डोंगर फोडीत हिंडावें असेंहि आमचें म्हणणें नाहीं. पण गेल्या कांहीं दशकांत पुण्याचा विस्तार ज्या वेगानें झाला आहे, त्या वेगापुढें या अज्ञानाचा परिणाम निराळाच होऊं लागला आहे. टेकडी कापली जाते, नदीचा कांठ भरावाखालीं जातो, वाळू उपसली जाते, आणि त्याबरोबर जें जातें तें काय होतें याची नोंद करणारा माणूस तेथें उभा नसतो. ज्या गांवानें मोडी कागदाच्या चिटोऱ्यासाठीं जिवाचें रान केलें, त्या गांवांत हें व्हावें याचा आम्हांस राग आहे, आणि तो लपविण्याची आमची इच्छा नाहीं.

प्रथम कातळाविषयीं. पुण्याच्या भोंवतालचा काळा दगड सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या शिलारसाचा आहे. हा रस एखाद्या सुळक्यासारख्या ज्वालामुखीच्या तोंडांतून उसळला असें नव्हे. भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वाहिला, निवाला, त्यावर पुनः वाहिला, आणि आजमितीस सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमि त्यानें व्यापलेली आहे. महाबळेश्वरच्या बाजूस या थरांची उघडी दिसणारी जाडीच हजार मीटरांहून अधिक भरते. सिंहगडाचा डोंगर दुरून पाहिला असतां जो पायऱ्यापायऱ्यांचा भासतो तो याच कारणानें. स्वीडिश भाषेंत जिन्यास जो शब्द आहे त्यावरूनच युरोपीय शास्त्रज्ञांनीं या खडकास 'ट्रॅप' हें नांव दिलें, आणि मुंबई सरकारच्या नोकरींत असलेल्या कर्नल साइक्सनें दख्खनच्या या खडकांचें वर्णन १८३० च्या दशकांत लंडनच्या भूशास्त्रज्ञांपुढें मांडलें. कात्रजच्या घाटांत रस्त्यासाठीं जेथें डोंगर कापला आहे तेथें दोन काळ्या थरांच्या मध्यें विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. एक रस निवाला, त्याचें माथें ऊनपावसानें कुजून तांबडें झालें, आणि मग दुसरा रस येऊन त्यास भाजून गेला, अशी त्या पट्ट्याची हकीकत आहे. तो पट्टा म्हणजे दोन पुरांमधली उसंत होय. मात्र हे पूर आगीचे होते.

हा रस वाहत होता त्याच काळांत पृथ्वीवरून डायनोसॉर नाहींसे झाले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेल्या अशनीनें तो घात केला असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. कांहीं मात्र दख्खनच्या शिलारसाबरोबर निघालेल्या विषारी वायूंकडे बोट दाखवितात, आणि दोहोंचा वांटा किती हा वाद अद्याप चालू आहे. जगांतील मोठमोठ्या विद्यापीठांतील पंडित या वादासाठीं सह्याद्रीच्या घाटांत येऊन दगडांचे तुकडे पिशवींत भरून नेतात. आणि येथें ज्या घरांत मुलाच्या वाढदिवसाच्या केकवर साखरेचा डायनोसॉर उभा असतो, त्या घराच्या गच्चींतून त्या प्राण्याच्या अंतकाळचा दगड समोर दिसत असतां घरांतील कोणासहि तें ठाऊक नसतें.

यावर थोडेंबहुत शिकलेला मनुष्य म्हणतो, "पण या कातळांत जीवाश्म कोठें आहेत?" हा प्रश्न आम्हीं अनेकदां ऐकला आहे, आणि तो विचारणाराचा स्वर नेहमीं वाद संपविल्याचा असतो. वितळलेल्या रसांत हाड टिकत नाहीं हें खरें. पण दोन रसांच्या मधल्या उसंतींत जेथें तळीं सांचलीं तेथें त्या तळ्यांच्या चिखलांत बेडूक, कासवें, शिंपले, वनस्पति हे सारे जसेच्या तसे राहिले. मुंबई बेटावरील अशाच एका थरांतील चिमुकल्या बेडकाचें वर्णन रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञानें १८४७ सालीं केलें. नागपुराकडे हिस्लॉप व हंटर या पाद्र्यांनीं १८५० च्या दशकांत असे थर धुंडाळले, आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा येथें तर प्रत्यक्ष डायनोसॉरचीं हाडें मिळालीं. पुण्याच्या आसपास असे तळ्यांचे थर फारसे नाहींत, हें आम्ही मान्य करतों. एवढ्यावरून हा प्रदेश वांझ ठरविणें म्हणजे घरांत धान्याची कणगी नाहीं म्हणून घरांत कांहींच नाहीं असें म्हणण्यासारखें आहे.

कातळ तरी वांझ कोठें आहे? शिलारस निवतांना त्यांत जे बुडबुडे राहिले त्या पोकळ्यांत पुढें पाणी झिरपून स्फटिक वाढले. आमच्या खेड्यांतील मुलें त्यांस सरसकट गारगोट्या म्हणतात. भोर घाटांत रेल्वेचे बोगदे खणले गेले तेव्हां निघालेले अपोफिलाइटचे स्फटिक विलायतेच्या संग्रहालयांत जाऊन बसले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वाघोलीच्या दगडखाणींतून कॅव्हान्साइट नांवाचें खनिज निघूं लागलें. त्याचा निळा रंग असा आहे कीं एकदां पाहिलेला विसरत नाहीं. अमेरिकेंत तें प्रथम ओळखलें गेलें, परंतु जगांतील उत्तमोत्तम नमुने वाघोलीचे, हें त्या विषयांतील सर्वजण मानतात. वाघोली पुण्याच्या वेशीवर आहे. युरोप-अमेरिकेंतील संग्राहकांच्या कपाटांत त्या खाणीच्या नांवाची चिठ्ठी लावलेले खडे आहेत. पुण्यांतील किती शाळकरी मुलांनीं तो निळा खडा डोळ्यांनीं पाहिला आहे, याचा वाचकांनींच विचार करावा. आम्ही खाणींच्या विरुद्ध नाहीं. घरांस खडी लागते, रस्त्यांस लागते, आणि खाण खणली नसती तर तो निळा खडा कधीं उजेडांतहि आला नसता. सुरुंग लावणाऱ्या वडाराच्या हातीं तो लागतो, तो त्यास बाजूस ठेवतो, व्यापारी त्यापासून नेतो, आणि आमच्या गांवापाशीं नमुन्यादाखल एकहि खडा राहूं नये अशी या व्यवहाराची रीत पडली आहे, हें आमचें गाऱ्हाणें.

असो. दगड निदान पुष्कळ आहे. ज्याची खरी काळजी वाटावी तो ऐवज निराळा, आणि तो नद्यांच्या कांठीं आहे. मुळा, मुठा, भीमा, घोड, कुकडी, कऱ्हा यांच्या दरडींत खालीं गोट्यांचा घट्ट बसलेला थर, त्यावर चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळसर तपकिरी माती असा प्रकार ठिकठिकाणीं दिसतो. शेतकरी त्याकडे विहीर खणतांना पाहतो, वीटभट्टीवाला माती नेतांना पाहतो. आम्ही पुलावरून जातांना पाहतहि नाहीं. या थरांत मनुष्यानें घडविलेलीं दगडी हत्यारें आणि आतां नष्ट झालेल्या जनावरांचीं हाडें आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत पैठणजवळ मुंगी येथें गोदावरीच्या थरांत अकीक दगडाचें पातें मिळालें. नाथांच्या पैठणाची ही जुनी ओळख आमच्या किती कीर्तनकारांस ठाऊक असेल? निफाड तालुक्यांत नांदूर-मधमेश्वर येथें मिळालेल्या प्रचंड हत्तीचें वर्णन पिल्ग्रिम यांनीं १९०५ सालीं कलकत्त्याच्या भूविज्ञान सर्वेक्षणाच्या वृत्तांत छापलें. त्या जातीचा हत्ती आज जगांत कोठेंहि नाहीं. घोडनदीच्या खोऱ्यांतहि रानबैलांचीं व हत्तींचीं अश्मीभूत हाडें मिळालीं.

आणि हें सर्व ओळखणारी विद्या कोठें वाढली, तर पुण्यांत. १९३९ सालीं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुनः उघडलें तेव्हां हसमुख सांकळिया तेथें आले, आणि येरवड्याच्या त्या जुन्या दगडी इमारतींतून महाराष्ट्राच्या नद्या पायीं तुडविल्या जाऊं लागल्या. गोदावरीवर गंगापूर, प्रवरेवर नेवासें हीं नांवें जगांतील ग्रंथांत गेलीं. पुणें शहरांतच, दत्तवाडीपाशीं मुठेच्या कांठीं, अश्मयुगीन हत्यारें मिळालीं. शरद राजगुरू यांनीं आपला डॉक्टरेटचा प्रबंध मुळा-मुठेच्या खोऱ्यांतील या गाळाच्या थरांवरच लिहिला, आणि जी. एल. बदाम यांनीं त्या काळच्या जनावरांवर लिहिलेला ग्रंथ डेक्कन कॉलेजानें १९७९ सालीं प्रसिद्ध केला. या मंडळींनीं दाखविलें कीं दरड म्हणजे पावसाची जुनी वही होय. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं पाऊसमान क्षीण असतां नद्यांनीं आपलें पात्र गाळानें भरून काढलें, आणि पुढें, सुमारें दहा हजार वर्षांपूर्वीं, पाऊस बळावतांच त्याच नद्यांनीं तो गाळ कापून खोल वाट केली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें पाणी कोठवर चढलें होतें तें आम्ही अजून नातवंडांस भिंतीवर बोट ठेवून सांगतों. दत्तवाडीनें तो पूर अंगावर घेतला. त्याच दत्तवाडीच्या दरडींत त्याहून हजारों वर्षें जुन्या पुरांचे गोटे रचलेले होते, तिकडे मात्र कोणाचें बोट वळत नाहीं.

आतां बोरीकडे येऊं, कारण या लेखाचा मुख्य मुद्दा तेथेंच आहे. जुन्नर तालुक्यांत कुकडीच्या कांठीं बोरी नांवाचें गांव आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धांत तेथील दरडींत ज्वालामुखीच्या राखेचा पांढरट थर संशोधकांच्या ध्यानांत आला. ही राख सह्याद्रीच्या शिलारसाची नव्हे. तो तर कोट्यवधि वर्षांपूर्वींच थंड झाला होता. ही राख सुमात्रा बेटांतील टोबा या ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर वाऱ्यावर ओलांडून आलेली, असें आतां मानलें जातें. आणि त्या राखेच्या सान्निध्यांत मनुष्यानें घडविलेल्या हातकुऱ्हाडी व फरशा मिळतात. तशीच राख कऱ्हेच्या कांठीं मोरगांव येथेंहि मिळाली. ज्या मोरगांवास आम्ही मयूरेश्वराच्या दर्शनास जातों तेंच हें.

राखेचें वय हा तंट्याचा विषय झाला. प्रथम जी परीक्षा झाली तींत तें सुमारें १४ लक्ष वर्षें निघालें. १९९३ सालीं दुसऱ्या पक्षानें प्रतिपादन केलें कीं ही टोबाच्या सर्वांत अलीकडील स्फोटाची राख असून तिचें वय केवळ ७५ हजार वर्षें आहे. १९९५ सालीं डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्र व त्यांचे सहकारी यांनीं अधिक सूक्ष्म पद्धतीनें सुमारें ६ लक्ष ७० हजार वर्षें हा आंकडा मांडला. २०११ सालीं पुनः परीक्षा होऊन बोरीस सुमारें ७ लक्ष व मोरगांवास सुमारें ८ लक्ष वर्षें असा निकाल प्रसिद्ध झाला, आणि टोबाच्या एका फार जुन्या स्फोटाशीं त्याची सांगड घालण्यांत आली. प्रतिपक्ष तरीहि गप्प बसला नाहीं. ७५ हजार आणि ८ लक्ष यांतील फरक हा हिशेबांतली चूक नव्हे. एका पक्षीं कुकडीच्या कांठचा तो हत्यारें घडविणारा मनुष्य तुलनेनें अलीकडचा ठरतो, दुसऱ्या पक्षीं तो आशियांतील अतिप्राचीन मानवांच्या पंक्तीस जाऊन बसतो.

कोण खरें, हें ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे आहे. पंचवीस वर्षांच्या आंत त्याच राखेस चार वेळां प्रश्न विचारण्यांत आला, आणि प्रत्येक वेळीं अधिक चांगलें उपकरण घेऊन विचारण्यांत आला. कपाटांतील हातकुऱ्हाडीस कितीहि वेळां विचारलें तरी ती आपलें वय सांगूं शकत नाहीं. ती ज्या थरांत पडली होती तो थर सांगतो, आणि तोहि जागेवर असला तरच. तामिळनाडूंतील अत्तिरमपाक्कम् येथें रॉबर्ट ब्रूस फूट यांस १८६३ सालीं हत्यारें मिळालीं. त्यांच्या काळीं त्यांचें वय मोजण्याचें साधनच नव्हतें. परंतु ती जागा राहिली. शांति पप्पू यांनीं तेथें पुनः उत्खनन केलें, आणि १४८ वर्षांनंतर, २०११ सालीं, तेथील मानवाचें वय सुमारें १५ लक्ष वर्षांपर्यंत नेलें. उलट मुंबईस कांदिवलीच्या खाणींतील थरांत टॉड या नौदलाच्या अधिकाऱ्यानें अश्मयुगीन हत्यारें शोधून १९३९ सालीं त्यांचें सविस्तर वर्णन छापलें. आज कोणी नवी पद्धत घेऊन कांदिवलीस गेला तर त्यास जिने, वाहनतळ आणि बँकेची शाखा मिळेल. टॉडनें जें लिहिलें तेवढ्यावरच तो विषय कायमचा थांबला.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तें कशासाठीं? वाड्यांच्या माळ्यांवर कसर लागलेलीं, वाण्याच्या पुडीस जाणारीं दप्तरें वांचविण्यासाठीं. त्या वेळींहि "जुन्या रद्दींत काय आहे" असें म्हणणारे शहाणे होते. त्यांचींच वाक्यें आज दगडामातीच्या दप्तरास उद्देशून बोललीं जात आहेत, आणि बोलणारे त्याच मंडळाच्या व्याख्यानांस पुढच्या रांगेंत बसणारे आहेत, ही यांतील खरी बोच आहे.

आतां आक्षेपांचा विचार करूं. शहर वाढणारच, तें दगडांसाठीं थांबवावें काय? मुळींच नाहीं. मुळा-मुठेच्या सुमारें ४४ किलोमीटर लांबीच्या कांठांस नवें रूप देण्याची महानगरपालिकेची योजना २०२२ सालापासून कामास लागली. तिजवर पुराच्या, झाडांच्या व सांडपाण्याच्या दृष्टीनें बरीच टीका झाली, आणि तींतील पुष्कळ भाग विचारार्ह आहे. पण आमच्या वाचनांत आलेल्या या साऱ्या वादावादींत, दोन्ही पक्षांकडून, कांठाच्या पोटांत असलेल्या थरांविषयीं एक शब्द आम्हांस आढळला नाहीं. भराव घालण्यापूर्वीं दरडींचें चित्र काढून, मोजमाप करून, मातीचे नमुने ठेवून घेण्यास काम थांबवावें लागत नाहीं. कामापूर्वीं कांहीं दिवस एक भूशास्त्रज्ञ आणि एक पुरातत्त्वज्ञ तेथें हिंडावा लागतो. ज्या शहरांत डेक्कन कॉलेज आहे, विद्यापीठाचा भूशास्त्र विभाग आहे, फर्ग्युसन महाविद्यालय आहे, तेथें अशीं दोन माणसें मिळत नाहींत असें कोणी म्हणूं नये. २०२३ सालीं वेताळ टेकडीसाठीं हजारों नागरिक रस्त्यावर उतरले. झाडें, पक्षी आणि भूजल यांसाठीं ते भांडले, हें योग्यच झालें. त्याच टेकडीवरील जुन्या खाणीची उभी भिंत हें शिलारसाचें उघडें पान आहे, एवढेंहि त्या मागण्यांच्या यादींत असतें तर बरें झालें असतें.

दुसरा आक्षेप कायद्याचा. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा घोषित झालेल्या स्मारकांस व स्थळांस संरक्षण देतो. अघोषित दरडीस आणि अश्मीभूत हाडास त्याचा काय आधार? ही उणीव सरकारच्याहि ध्यानांत आली, आणि केंद्राच्या खाण मंत्रालयानें २०२२ सालीं भूवारशाच्या रक्षणासाठीं विधेयकाचा मसुदा लोकांच्या अभिप्रायार्थ प्रसिद्ध केला. मसुद्यानें जेसीबी थांबत नाहीं. स्थानिक संस्थांस आपल्या हद्दींत एखादी जागा राखून ठेवण्यास दिल्लीच्या विधेयकाची वाट पाहावी लागते, हें म्हणणेंहि आम्हांस मान्य नाहीं. ज्या हातांनीं बागेसाठीं भूखंड राखला जातो त्याच हातांनीं दहा-वीस मीटरांची दरड राखतां येते.

तिसरा एक वर्ग आहे, त्याचा केवळ उल्लेख करून सोडतों. त्यास राखेचा थर म्हटलें कीं खांडववन आठवतें, आणि मोठें हाड दिसलें कीं घटोत्कच. पुराणांस त्यांची गोडी आहे. ती सिद्ध करण्यासाठीं कुकडीच्या राखेस साक्षीदार म्हणून उभें करण्याचें कारण नाहीं.

विद्वानांकडेहि थोडा दोष जातो. बोरीचा सारा वाद इंग्रजी नियतकालिकांत झाला. बोरीच्या ग्रामपंचायतीच्या सदस्यास, तेथील शाळेच्या मास्तरास, ज्याच्या शेताच्या बांधाखालीं ती राख आहे त्या शेतकऱ्यास मराठींत चार पानें वाचावयास मिळालीं काय? आपल्या बांधाखालीं काय आहे हें ज्यास कोणीं सांगितलेंच नाहीं, त्यानें जमीन सपाट केली तर त्यास बोल लावण्यास आमची जीभ धजत नाहीं. सांकळियांच्या पिढीनें व्याख्यानें दिलीं, गांवोगांव हिंडून लोकांस हत्यारें दाखविलीं. ती संवय पुढें क्षीण झाली, ती पुनः लावून घेतली पाहिजे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. बोरी व मोरगांव येथील राखेच्या दरडीचा एकेक तुकडा कुंपण घालून राखावा, आणि तेथें मराठींत पाटी लावावी. पुण्याच्या हद्दींत नदीकांठीं व टेकडीवर जें कांहीं खणलें जाईल त्यापूर्वीं थरांची नोंद करण्याची अट निविदेंतच घालावी. वाघोलीच्या निळ्या खड्याचे उत्तम नमुने शहरांतील एखाद्या सार्वजनिक संग्रहालयांत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, ठेवावेत. आणि अष्टविनायकाच्या यात्रेस निघणाऱ्या मंडळींस एक सुचवावेंसें वाटतें. मोरगांव कऱ्हेच्या कांठीं आहे; ओझर कुकडीच्या कांठीं आहे, आणि बोरीहि त्याच कुकडीवर. दर्शन झाल्यावर, मुलें बरोबर असतील तर, थोडी वाट वांकडी करून नदीच्या दरडीपाशीं उभें राहावें. हात न लावतां, खणल्याविना पाहावें. पावसाळा सरून नदी उतरली म्हणजे दरड धुऊन निघालेली असते, आणि तिरप्या उन्हांत थर एकावर एक स्वच्छ दिसतात.